आसामला नेलेलं घड्याळ

दत्ताभाऊ,

तुमच्या मृत्यूच्या दाखल्यावर सकाळी सहा वाजून दहा मिनिटं अशी वेळ लिहिली आहे. तुमचा संतोष म्हणतो, नर्स आली तेव्हाच सहा वाजून गेले होते, म्हणजे त्याच्या बरंच आधी झालं असणार. वहिनींचं म्हणणं वेगळं. खिडकीच्या काचेवर उजाडायला लागलं तेव्हा त्यांनी तुमच्या हातावर हात ठेवला आणि त्यांना कळलं. घड्याळाकडे त्यांनी पाहिलं नाही. दवाखान्यात जमलेल्यांपैकी कुणीतरी मला विचारलं, "मॅडम, तुमी तर वेळेच्या खात्यातल्या. कंची धरायची?" मी म्हटलं, वहिनींची धरा.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ह्यो निकाल लई घाईत दिला."

तुम्हाला जाऊन आज चौदा दिवस झाले. कचेरीच्या फलकावर तुमच्याबद्दल चार ओळी लागल्या आहेत. जन्म, नोकरीला लागल्याचं साल, निवृत्तीचं साल. मी त्या दोनदा वाचल्या. त्यात तुम्ही कुठेच सापडला नाहीत, म्हणून हे लिहायला बसले.

मी पहिल्यांदा त्या खोलीत आले तो दिवस आठवतो. हातात डॉक्टरेटची पदवी होती, आणि तुम्ही मला दारातच अडवलंत. "चपला भायेर. आन् दार लवकर लावा, त्याला वारं सोसत न्हाई." तो म्हणजे आमचा अणुघड्याळाचा डबा. बघायला येणाऱ्या प्रत्येकाची निराशा व्हायची. ना काटे, ना टिकटिक. जाडजूड पत्र्याचा, आडवा ठेवलेला डबा, आत एक पंखा आणि समोर हिरवे आकडे. मी आकडे वाचत होते आणि तुम्ही मला वाचत होतात. मग विचारलंत, "पौडच्या मुलाण्यांची का तुमी? जळालेल्या मोटारी भरतात ते?" मी हो म्हटलं. "तुमच्या आब्बांनी भरलेली मोटार आमच्या हिरीवर बारा वर्सं चालली," असं म्हणून तुम्ही तुमची खुर्ची माझ्याकडे सरकवलीत. माझ्या पदवीपेक्षा ती मोटार जास्त उपयोगी पडली.

तुमच्याकडे पदवी नव्हती. आयटीआय करून कासारसाईहून सायकलवर येणारा माणूस, आमच्या प्रयोगशाळेच्या भिंती उभ्या राहत होत्या तेव्हापासूनचा. डोंगरातून वारं कुठल्या बाजूनं येतं, पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, कुठली केबल भिंतीतून कशी गेली आहे, हे नकाशाआधी तुम्हाला विचारायचं, अशी रीत होती. तुम्ही मला 'मॅडम' म्हणायचात आणि मला ते कानाला टोचायचं, कारण घरी आब्बांच्या वयाचा कुणीही माणूस मला नुसतं 'शमीम' म्हणायचा.

आपलं काम एका वाक्यात सांगता येतं आणि ते वाक्य ऐकून लोक हसतात. मुळशीतलं एक घड्याळ आणि आसामातल्या एका टेकडीवरचं दुसरं घड्याळ एकच वेळ दाखवतात की नाही, हे बघायचं. फरक मोजायचा तो नॅनोसेकंदात. एका नॅनोसेकंदात उजेड फूटभर जातो, एवढा छोटा तो काळ. आम्ही उपग्रहावरून त्यांच्याकडे खूण पाठवायचो, त्याच वेळी ते आमच्याकडे पाठवायचे. वाट दोघांना सारखी, म्हणून वजाबाकी केली की वाट निघून जाते आणि उरतो तो घड्याळांतला फरक.

फक्त वाट दोघांना सारखी नसते. हे मी तुम्हाला पायऱ्यांवर चहा पिताना सांगितलं होतं. खूण वर जाऊन खाली येईपर्यंत पृथ्वी थोडी पूर्वेला फिरलेली असते. आपल्या खुणेपासून आसाम पुढे पळतं आणि त्यांच्या खुणेकडे मुळशी समोरून जाते. सुटलेली एसटी मागून पळत जाऊन गाठायची आणि समोरून येणारी गाठायची, यात फरक पडणारच. तेवढी दुरुस्ती हिशेबात घालावी लागते. तुम्ही विचारलंत, "मिळवायची का वजा करायची?" मी म्हटलं, ते कुठल्या बाजूनं बघता त्यावर आहे, नीट बघून घालायची. किती सहज म्हणाले होते मी ते.

मग मी तुम्हाला पुढची गंमत सांगितली. समजा, पूर्वेकडे निघालो. शेजाऱ्यानं शेजाऱ्याशी घड्याळ जुळवायचं, त्यानं पुढच्याशी, असं विषुववृत्तावरून अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून निघालो तिथेच परत यायचं. प्रत्येकानं काम चोख केलं, पण पृथ्वी फिरते हे कुणीच लक्षात घेतलं नाही, तर शेवटचं घड्याळ पहिल्याशी जुळत नाही. दोनशे नॅनोसेकंदांहून थोडा जास्त फरक पडतो.

"कुणीतरी लबाडी केली," तुम्ही म्हणालात.

"कुणीच नाही केली, भाऊ."

तुम्ही दोन दिवस काही बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी केबल सोलता सोलता विचारलंत, "मंग खरी येळ कुणाची?"

मी सांगितलं की सगळ्यांनी मिळून ठरवलंय, पृथ्वीच्या मध्यावर बसून, पृथ्वीबरोबर न फिरता बघितलं तर जे एकाच वेळी घडताना दिसेल, ते एकाच वेळचं धरायचं.

"म्हंजी जितं कुणीच ऱ्हात न्हाई, तितनं बघायचं. आन् आमी हितं ऱ्हातो त्यांची खोटी."

"खोटी नाही, फक्त..."

"फक्त काय?"

त्या 'फक्त'च्या पुढचं वाक्य मला त्या दिवशी नीट जमलं नाही, आणि आपला वाद तिथून सुरू झाला तो कधी संपलाच नाही. स्टोअरच्या दारात, तुमच्या अंगणात, शेवटी दवाखान्यातल्या पलंगापाशीसुद्धा तो तसाच होता.

घड्याळ गाडीत घालून आसामला न्यायची कल्पना तुमची. उपग्रहाचा हिशेब बरोबर आहे का हे तपासायला दुसरी एखादी वाट हवी होती. बैठकीत सगळे संगणकावरच्या आकृत्या बघत होते आणि तुम्ही मागून म्हणालात, "कागदावर कशापायी भांडायचं? घड्याळच नेऊन त्यांच्या घड्याळाशेजारी ठेवू." संचालक हसले. पण ही पद्धत जुनी आणि खरी आहे हे त्यांनाही माहीत होतं. महिनाभरानं परवानगी आली.

जानेवारीत निघालो. यशवंत गाडी चालवायला, मी पुढे आणि तुम्ही मागे, घड्याळाशेजारी. घड्याळ एक क्षणही बंद पडून चालणार नव्हतं. तुम्ही दोन बॅटऱ्या अशा जोडल्या होत्या की एक काढली तरी दुसरी चालू राहील. दर तासाला तुम्ही वहीत लिहायचात. गतिरोधक आला की, "यशवंता, हळू घे," आणि एक हात डब्यावर. ऊन-वारं लागू नये म्हणून काचा बंद. चार दिवस आम्ही तिघं त्या बंद गाडीत एकमेकांचे श्वास घेत होतो. तुम्ही घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी सिलिगुडीपर्यंत पुरली.

बंगालच्या वेशीवर पोलिसानं गाडी अडवली. डब्यावरच्या तारा बघून तो दोन पावलं मागे सरकला. मी कागद शोधत होते, तोवर तुम्ही उतरून गेलात.

"साहब, घड़ी है।"

"इतनी बड़ी?"

"हाँ साहब। लेकिन चाबी नहीं देनी पड़ती।"

तो हसला आणि त्यानं यशवंतला पुढचा चांगला रस्ताही सांगितला.

त्याच्या आधी, रायपूर सोडल्यावर, मला ताप भरला होता. भर दुपारी तुम्ही गाडी थांबवलीत. मला आठवतं ते एवढंच की एका झाडाखाली सतरंजी होती, कपाळावर ओला रुमाल होता आणि तुम्ही यशवंतला सांगत होतात, "इंजिन चालू ठेव, बॅटऱ्या उतराया नगंत. आन् पोरीसाठी कुटं लिंबू मिळतंय का बघ." त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी 'पोरी' झाले. मला ते फार आवडलं होतं. कधी सांगितलं नाही.

आसामला पोहोचलो. आपलं घड्याळ त्यांच्या घड्याळाशेजारी ठेवलं. उपग्रहाच्या हिशेबानं जो फरक दिसायला हवा होता तो दिसेना. सव्वाशे-दीडशे नॅनोसेकंदांचं अंतर पडत होतं. आपण दोन दिवस केबली तपासल्या, जोडण्या बदलल्या. अंतर हलेना.

परतताना घात झाला. एका घाटात अपघातामुळे रस्ता तुंबला, तासन् तास गाडी जागची हलली नाही, त्यातच चार्जर जळाला आणि दोन्ही बॅटऱ्या उतरल्या. हिरवे आकडे विझले तेव्हा तुम्ही डब्यावरचा हात काढला नाहीत. मुळशीला परत येऊन घड्याळ जुळवून बघता आलं असतं तर ते जाताना नीट चाललं होतं हे सिद्ध झालं असतं. आता सिद्ध करायला काही उरलं नाही.

तुम्ही म्हणालात, "जाताना त्यानं धक्का खाल्ला न्हाई. माझी वही बघा."

मी वही बघितली नाही, दत्ताभाऊ. मला माझ्या हिशेबाची खात्री होती. परत आल्यावर आठ दिवसांत अहवाल द्यायचा होता. एका बाजूला उपग्रह, समीकरणं आणि माझी पदवी होती, दुसऱ्या बाजूला वाटेत बंद पडलेलं घड्याळ आणि एका तंत्रज्ञाचा शब्द. मी लिहिलं: 'विसंगतीचे संभाव्य कारण: प्रवासात बॅटरी बदलताना घड्याळास बसलेला धक्का.' 'संभाव्य' हा शब्द घातला म्हणून मला मी न्यायी वाटत होते. तुमचं नाव त्यात नव्हतं. पण बॅटऱ्या कोण बदलत होतं हे सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या महिन्यात तुमची बदली स्टोअरला झाली. शिक्षा म्हणून नाही, असं सांगण्यात आलं. घड्याळाच्या खोलीची किल्ली तुम्ही माझ्याच हातात दिलीत. "दार लवकर लावत जावा," एवढंच म्हणालात. त्यानंतर मी केबलीचं वेटोळं किंवा फ्यूज घ्यायला यायचे तेव्हा तुम्ही रजिस्टर पुढे सरकवायचात. "हितं सही, मॅडम." मी परत मॅडम झाले होते. तरीही चहाच्या वेळी कधी तुम्ही विचारायचात, "ठरलं का, खरी येळ कुणाची?" वाद तेवढा ठेवला होतात. वाटतं, मी पूर्ण तुटू नये म्हणून ठेवला असावा.

दोन वर्षांनी तुम्ही निवृत्त झालात. शाल, नारळ, फोटो. मी भाषण केलं. तुमची निष्ठा, तुमचा वक्तशीरपणा, तुमचा हसतमुख स्वभाव. आसामचा उल्लेख मी केला नाही, आणि तुम्ही समोर बसून माझ्याकडे बघत होतात.

चूक सापडली ती त्यानंतर वर्षभरानं. दक्षिणेत आमचं तिसरं केंद्र सुरू झालं. मुळशी-आसाम, आसाम-दक्षिण, दक्षिण-मुळशी असा त्रिकोण झाला. तीन फरकांची बेरीज शून्य यायला हवी. येईना. दर वेळी तेच अंतर उरायचं, सव्वाशे-दीडशे. तो आकडा मी ओळखला. नव्या दोन दुव्यांचा हिशेब नवी प्रणाली करत होती. पहिल्या दुव्याची, मुळशी-आसामची, दुरुस्ती मी कधीकाळी हातानं घातली होती. पृथ्वीच्या फिरण्याची. जिथे मिळवायची तिथे मी वजा केली होती. दुरुस्ती उलटी घातली की तिच्या दुप्पट चूक होते. त्या दुप्पटीचं खापर मी तुमच्या हातावर फोडलं होतं.

त्या दुपारी मी कपाटातून तुमची वही काढली. स्टोअरला जाताना तुम्ही ती तिथेच ठेवून गेला होतात, कव्हर घालून. दर तासाची नोंद. तापमान, दाब, दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे. कुठेही खळगा नाही. ज्याला डोळे आहेत त्याला पाच मिनिटांत दिसलं असतं की जाताना घड्याळाला काही झालं नव्हतं. एका ओळीवर मी थांबले. 'दुपारी दोन. पोरीला ताप. गाडी थांबवली. घड्याळ ठीक.'

लगेच तुमच्याकडे यायला हवं होतं. मी चार महिने आले नाही. माझी बढतीची मुलाखत होती. मी हिशेबातलं चिन्ह बदललं, एका परिशिष्टात 'किरकोळ दुरुस्ती' अशी ओळ टाकली आणि गप्प बसले. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. तुम्हाला वाटलं असेल, चूक सापडली आणि पोर धावत आली. तसं नव्हतं, भाऊ. आज सांगते.

कासारसाईला आले तेव्हा तुम्ही मागच्या वाफ्यात मेथीला पाणी देत होतात. समोर संतोषनं भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या, हिंजवडीला कामाला जाणारी मुलं जिन्यावरून चढउतार करत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चिन्ह, त्रिकोण, वही. मला वाटलं होतं तुम्ही हसाल आणि म्हणाल, जाऊ द्या. मी जाऊ द्या ऐकायलाच आले होते बहुतेक.

तुम्ही पाण्याचा पाइप खाली ठेवलात.

"हे मला कशापायी सांगताय, मॅडम? मला म्हाईत हाय की माझा हात हलला न्हवता."

"माफी मागायला आले, भाऊ."

"मला माफी नगं. माज्याबद्दल ज्यांनी वाचलं, त्यांस्नी सांगा. लिवून. जसं लिवून घातलं तसं लिवून काढा."

तुमचा आवाज चढला नव्हता. पण इतकं रागावलेलं मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. चहाही विचारला नाहीत. परतताना माण गावच्या चौकात मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिले. मला तुमचा राग आला होता, हेही सांगते. एवढं येऊन सांगितलं, अजून काय हवं या माणसाला, असं वाटलं. घरी पोहोचेपर्यंत तो राग टिकला नाही.

संचालकांना पत्र दिलं. ते म्हणाले, "चिन्ह दुरुस्त केलंत, झालं की. इतकी जुनी गोष्ट. आणि ते आता निवृत्त आहेत, त्यांना काय फरक पडतो?" मी म्हटलं, त्यांनाच पडतो. पत्र तीन वेळा परत आलं. एकदा भाषा कठोर आहे म्हणून, एकदा नमुना चुकला म्हणून, एकदा कारणच नाही. मी चौथ्यांदा दिलं. मधल्या काळात मला पटत गेलं की तुम्ही मागितलं ते अगदी बरोबर होतं. चार भिंतींत मागितलेली माफी माझ्यासाठी होती. कागद तुमच्यासाठी होता.

शुद्धिपत्र निघालं तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात. हृदय नीट पंप करत नव्हतं. नाकात नळी, हातात सुई, आणि तरी यंत्रावरचे आकडे तुम्ही वाचत होतात. मी पलंगाशेजारी बसून अख्खं वाचून दाखवलं. 'विसंगतीचे कारण उपग्रह-दुव्याच्या गणनेतील चिन्हाची चूक हे होते. ती चूक अहवालाच्या लेखिकेची होती. प्रवासी घड्याळ व ते हाताळणारे तंत्रज्ञ यांच्या कामात कोणताही दोष आढळलेला नाही.' मग तुमचं पूर्ण नाव.

तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. म्हटलंत, "परत वाच."

परत वाचलं.

"पोरी, ह्यात यशवंताचं नाव न्हाई."

यशवंतनं चार दिवस जाताना आणि पाच दिवस येताना गाडी हाकली होती, त्या तुंबलेल्या घाटात पायी दोन गावं फिरून चार्जर शोधला होता. धक्का बसला म्हणजे गाडी नीट चालवली नाही, असा अर्थ त्याच्याही माथी गेलाच होता, आणि त्याचं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नव्हतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तो माझ्या यादीत आला नाही.

"घालते, भाऊ."

"घाल. आन् तुजं ते पृथ्वीच्या पोटात बसून बघायचं मला अजून पटल्यालं न्हाई. घरी आल्यावर बोलू."

घरी येणं झालं नाही.

त्या वादात तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला आता थोडं कळतंय असं वाटतं. पृथ्वीच्या मध्यावरची वेळ ही कुणाची वेळ नाही, ती एक कबुली आहे. प्रत्येकानं आपल्या जागेचा हट्ट थोडा सोडायचा, मगच सगळ्यांची घड्याळं जुळतात. तुमची तक्रार सोडण्याबद्दल नव्हती. हट्ट कुणी सोडायचा हे वर बसलेल्यांनी ठरवू नये, एवढंच तुम्ही म्हणत होतात. किंवा तुम्ही असं काहीच म्हणत नव्हतात आणि मी माझंच तुमच्या तोंडी घालते आहे. तुम्ही असतात तर दोन दिवस गप्प राहून तिसऱ्या दिवशी मला खोडून काढलं असतंत. आता माझं खरं-खोटं करायला त्या खोलीत कुणी नाही, ही पोकळी मला सगळ्यात जास्त जाणवते.

यशवंतचं नाव घालून सुधारलेलं शुद्धिपत्र तुम्ही गेल्यानंतर पाचव्या दिवशी निघालं. या वेळी संचालकांनी एका दिवसात सही केली. यशवंत आता सूसमधल्या सोसायट्यांच्या मुलांची शाळेची बस चालवतो. बस थांब्यावर लावून त्यानं कागद वाचला, दोनदा घडी घातली आणि लायसन्सच्या पाकिटात ठेवला. म्हणाला, "दहाव्याला जाऊ. बरोबरच जाऊ."

तर दहाव्याला आम्ही दोघं आलो. धरणाच्या काठावरचे विधी उरकून माणसं घरी आली होती. अंगण भरलं होतं. तुमचे भाऊबंद, गावातली म्हातारी माणसं, खोल्यांत राहणारी चार-दोन मुलंही मागे उभी होती. मी शुद्धिपत्राची प्रत वहिनींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट बघितली.

"काय हाय ह्ये?"

मी सांगायला लागले. दुवा, गणना, विसंगती. मधेच थांबले, कारण वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, कागदाकडे नाही.

"मला त्येवढं कळत न्हाई, शमीम. मी काय इचारते ते सांग. ह्यांनी घड्याळ बिघडवलं म्हनून ह्यांस्नी स्टोअरात घातलं. संतोष तसंच म्हनतो. गावात बी तसंच म्हनत्यात. चार-पाच वर्सं मी ऐकतीय. त्ये खरं का खोटं?"

संतोष दारात उभा होता. तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतं, भाऊ, की घरातसुद्धा हे असं होतं. एवढी वर्षं तुम्ही ते ऐकत जेवलात, आणि वही कपाटात आहे हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही कुणाला काही पटवायला गेला नाहीत. ज्यानं लिहिलं त्यानंच पुसावं, म्हणून वाट बघत राहिलात.

मी म्हटलं, "खोटं, वहिनी. दत्ताभाऊंनी घड्याळ बिघडवलं नाही. ते नीट होतं. हिशेब माझा चुकला होता आणि मी त्यांच्यावर ढकललं."

यशवंत खाली मान घालून उभा होता. वहिनींनी तो कागद पदराखाली धरला, मागे वळून संतोषकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"परत सांग," त्या म्हणाल्या. "तितं मागं ऐकू गेलं नसंल."

मी परत सांगितलं, दत्ताभाऊ. या वेळी मोठ्यानं.